घासू नकोस!

प्रिय खारूताई,

आधी हे सांगते की तुझे बाबा ठणठणीत आहेत. नाहीतर तू पत्र अर्धवट टाकून फोन लावशील.

त्या दिवशी आपल्या लाँड्रीत साबणाच्या पाण्यावरून ते घसरले आणि तोंड हौदाच्या काठावर आपटलं. पुढचा दात मुळासकट फरशीवर! रक्तापेक्षा मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटली. समोरचा दात गेला म्हणजे ट्रम्पेट गेलं, बँड गेला. तीस वर्षांचा नाद गं तो.

आणि मी काय केलं? दात उचलला आणि कॉलर घासायचा ब्रश शोधायला लागले. मळलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुला ठाऊकच आहे. तेवढ्यात तुला फोन लागला म्हणून बरं! तू अशी ओरडलीस की इस्त्रीवाला दचकला. घासू नकोस, मुळाला हात लावू नकोस, वरच्या बाजूनेच धर, परत बसवता येत नसेल तर दुधात टाक आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठ. जन्मात कोणी मला असं दरडावलं नव्हतं. पण ऐकलं. चहासाठी आणलेल्या दुधात दात, हातात पेला आणि बाबा तोंडावर रुमाल धरून रिक्षात!

तिथल्या डॉक्टरांनी दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. घासला असता तर जगला नसता, म्हणाले. दोन आठवडे बाबा मऊ भात खाऊन माझ्यावर वैतागले. मग तार निघाली, मुळाचे उपचार झाले आणि आज डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं. पहिला सूर इतका बेसूर की समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली! मी मात्र आनंदाने रडले गं.

आता खरं सांगते. दातांची कसली आलीय डॉक्टर, असं मी तुला चारचौघांत म्हणाले होते. तुझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला येणार नाही म्हणूनही बसले होते. चुकलं माझं. रविवारी उद्घाटनाला आम्ही दोघं येतोय, बाबा ट्रम्पेट घेऊन. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर मी खुणेचा दोरा घालते ना, तसाच लाल दोरा घेऊन तुझ्यासाठी आणलेल्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर एकच शब्द भरलाय: डॉक्टर. तीनदा उसवला, तेव्हा कुठे सरळ आला.

तुझीच,
ब्रशवाली आई