लाइलला दिलेली लढत

१४ जानेवारी १९८३
ओठाला टाके. बोलता येत नाही, म्हणून हालिया खूश — नवऱ्याचं तोंड बंद, बायकोला आणखी काय हवं! आमच्या आइस हॉकी संघातला चिमुकला तेओ गोल मारतो. त्याला कुणी आडवा केला की मी हातमोजे बर्फावर टाकायचे, त्या माणसाला बुकलायचं आणि शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं. इतकी वर्षं हाच धंदा. माझे स्वतःचे गोल किती, ते विचारू नये.

२ फेब्रुवारी
सरावात पकची रबरी चकती उजव्या हातावर बसली. आत काहीतरी कट्कन मोडलं. कुणाला बोललो नाही. घरी पिरोही — आमच्या बटाट्याच्या करंज्या — भरायला बसलो तर एकीचीही कड दाबता येईना. हालियाने हात ओढून पाहिला, पट्टी बांधली आणि पोटभर शिव्या दिल्या. गुणी बाई आहे.

९ फेब्रुवारी
लाइल फ्रीझन आला होता. पलीकडच्या गावच्या संघाचा पैलवान, माझ्याच तोडीचा. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांची नाकं फोडतो आणि सामना संपला की एकाच टेबलावर जेवतो. आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा होता तो हाच!

आज कॉफी नुसतीच ढवळत बसला. त्यांचा नवा प्रशिक्षक म्हणतो, लाइल संपला. दम दाखव, नाहीतर घरी जा. घरी म्हणजे सासऱ्याची डुकरं.

"ओरेस, शनिवारच्या सामन्यात एक लढत दे मला," म्हणाला. "हरलो तरी चालेल."

आमच्यात रीत आहे — हात दुखावला असेल तर आधी सांगायचं. समोरचा मुकाट सोडून देतो, त्यात कमीपणा नाही. मी सांगितलं असतं तर लाइलने लगेच हवापाण्याचा विषय काढला असता. आणि मग गेला असता डुकरं राखायला. मला ते बघवलं नसतं.

म्हटलं, "देतो. नाक सोडून मार, रविवारी सासूकडे जेवायचंय."

१२ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. पहिला गुद्दा मारला आणि डोळ्यांपुढे काजवे! मग नुसता त्याचा सदरा धरून उभा राहिलो. लाइलने धुतला मला. पण पडताना माझं डोकं आपटू नये म्हणून गळपट्टी घट्ट धरून ठेवली होती गाढवाने. सगळं रिंक त्याच्या नावाने ओरडत होतं. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

१३ फेब्रुवारी
नाकावरच मारलं! सासू हसून हसून बेजार.

१ मार्च
आमच्या मॅनेजरने बोलावलं. तुझ्या गुद्द्यात आता जोर नाही म्हणाला. मला काढलं, माझ्या जागी लाइलला घेतलं. त्या शनिवारी मॅनेजर स्वतः प्रेक्षकांत होता म्हणे.

लाइलचा फोन आला. "खरं सांग ओरेस, त्या दिवशी तुला काही झालं होतं का? तसं असेल तर मी येत नाही."

हालिया शेजारी उभी होती. म्हटलं, "काही नव्हतं रे. तू चांगला मारलास."