फेलोशिपसाठी एका महिन्याने म्हातारा

९ मे १९८३
दिल्लीहून फॉर्म आला. संख्याशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप, अख्ख्या देशात बारा. फॉर्म सोळा पानी, त्यात संशोधनाला अर्धं पान. उरलेली साडेपंधरा मी कोण हे सिद्ध करायला! पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, "फेलोशिप घेऊन या, नाहीतर नाशिकहून चकरा मारणं थांबवा." बरं झालं, उगाच आशेवर तरी ठेवलं नाही.

१० मे
वयोमर्यादा - १ जुलैला अठ्ठावीस. शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म १ जून १९५५. म्हणजे मी एका महिन्याने म्हातारा! आणि संशोधनाचा विषय काय? लोक आपली वयं किती चुकीची सांगतात, आणि ती चूक कशी मोजायची. दिल्लीकरांना हसायला आयतं साधन.

११ मे
आठवून पाहिलं. आमच्या वर्गातले निम्मे १ जूनचेच. येवल्याकडच्या बाया काय ठरवून बाळंत होत होत्या?

१५ मे
आज आईला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "नागपूरला दीक्षेला गेलो तवा तू पोटात व्हता. संक्रांतीनंतर झाला." म्हणजे जानेवारी सत्तावन्न! मग पंचावन्न कुठून आलं? तर म्हणे, "मीच सांगितलं गुरुजीला, सहा झाली म्हून. खुरपायला जायचं व्हतं. तुला कुठं ठेवू?" निवृत्ती गुरुजींनी मग सगळ्यांची ठरलेली तारीख मलाही चिकटवली. साडेचार वर्षांचा मी वर्गात बसून भोकाड पसरायचो, हेही हसत हसत सांगितलं. माझ्या प्रबंधाचं पहिलं उदाहरण घरातच भाकरी करतंय! रागवायचं तरी कुणावर?

१८ मे
फॉर्म मी शिकवतो त्या कॉलेजच्या शिक्क्यानिशीच जातो, म्हणून हेडक्लार्क धोंडीराम नानांकडे गेलो. म्हणाले, "मॅट्रिकनंतर जन्मतारीख हलत नसते, सर." मग चष्मा कपाळावर सरकवून, "पण अनुसूचित जातीला पाच वर्षं सूट आहे की!"

आम्ही बौद्ध, म्हटलं. राज्य सरकारात आम्हाला सवलती आहेत, दिल्लीत नाहीत. धर्म बदलला म्हणजे जात गेली, असं तिथे धरतात. आमच्या गावी येऊन बघा म्हणावं, गेली का ते!

नानांनी दाखल्यावर बोट ठेवलं. गुरुजींच्या अक्षरात - हिंदू, आणि पुढे जुनी जात. "दाखल्यात आहे तेच उतरवा. खोटं कुठाय?"

खरंच, कुठाय? आई आणि वडील, आमचे आबा, इतक्या लांब नागपूरला गेले ते हाच रकाना बदलायला. तेव्हा मीही हजर होतो, फक्त माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

२० मे
रकाना कोरा. संशोधनाचं अर्धं पान मात्र झकास झालंय.

२३ मे
शेवटची तारीख. दाखल्यात आहे तेच लिहिलं. नानांनी शिक्का मारला, वर चहाही पाजला. "आता निवांत राहा, सर!"

संध्याकाळी आईने विचारलं, "समदं नीट भरलं ना?" हो म्हटलं. जेवण गेलं नाही. लाज वाटते. एका शब्दाचा अर्थ पाच वर्षं असतो, हे संख्याशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

२ ऑगस्ट
दिल्ली गप्प. बहुतेक माझ्या वयाची बेरीज-वजाबाकी चालू असावी.

३० ऑगस्ट
पुण्याच्या सरांचं कार्ड - "काही कळलं का?" कळलं असतं तर नाचत आलो नसतो?

१९ सप्टेंबर
मिळाली! कॉलेजातून आलो तर घराला कुलूप. शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, पोस्टमनने दिल्लीचं पत्र आहे म्हणून सांगितलं, तशी आई ते घेऊन विहारात पळाली. मागोमाग धावलो. कॉलनीतली वीसेक माणसं बसलेली. आमचे भिमाजी मास्तर इंग्रजी पत्र मोठ्याने मराठीत सांगत होते - माझं नाव, विषय, तीन वर्षं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तर वयाची सूट कशावरून दिली त्या ओळीला आले आणि थांबले. मी दारात दिसलो, तसे माझ्याकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "थांबला कशाला, मास्तर? इंग्रजी अडलं व्हय?"