माझं बदक आणि त्यांचा सिनेमा

३ जून
ही वही कोणी वाचायची नाही, म्हणून खरं लिहितो. माझ्याशिवाय हा सिनेमा होणं शक्य नाही.
लेक पोहायला घाबरायची, तेव्हा पाण्याला भिणाऱ्या बदकाचं पुस्तक लिहिलं होतं. चोवीस पानं, चित्रांसकट. आज एका दिग्दर्शकाचा फोन आला, त्याला त्यावर सिनेमा काढायचाय. लेकीने लगेच वर्गभर सांगून टाकलं, बाबांचं नाव पडद्यावर येणार. म्हटलं, येणारच. सगळ्यात आधी.

९ जून
स्क्रिप्टची मीटिंग. दिग्दर्शक फार नम्र. मी बोलत होतो आणि तो लिहून घेत होता. नंतर वही पाहिली तर तिच्यात बदकाचं चित्र. चित्र बरं होतं.
बदकाची आई कापली. ठीक आहे, मन मोठं ठेवावं. यापुढे मात्र एक अक्षर बदलू देणार नाही.

२१ जून
बदकाला आता पाण्याची भीती नाही. उंचीची आहे. तळ्यावर शूटिंगला परवानगी मिळाली नाही, म्हणून ते गच्चीवर राहतं. मी कडाडून विरोध केला. मनात.
बायकोने विचारलं, मग पुस्तकातलं उरलं काय? म्हटलं, आत्मा. तिने विचारलं, आत्म्याला शूटिंगची तारीख दिली का?

२ जुलै
शूटिंग सुरू. बदक खरंखुरं आणि महाआगाऊ. कॅमेऱ्याकडे ढुंकून बघेना, ट्रेनरला चावलं. मी आत शिरलो मात्र, आणि ते माझ्या मागे मागे. जन्मदात्याला ओळखलंन. खिशात मटारचे दाणे होते, पण तो योगायोग.
मला कॅमेऱ्यामागे स्टूल दिलं. सगळं युनिट आदराने बदककाका म्हणतं.

३ जुलै
दिग्दर्शक म्हणाला, तुमची नजर इथेच हवी, कॅमेऱ्यामागे. जरा खाली वाका, हात डाव्या कानापाशी. चार तास कानापाशी मटार धरून दिग्दर्शनाला मदत केली. मान आखडली आहे.

११ जुलै, दुपारी ४.१०
हद्द झाली. शेवटी बदक हेलिकॉप्टर चालवतं. कडक मेल लिहिली: हेलिकॉप्टर काढा, नाहीतर माझं नाव काढा. बायको म्हणाली, पाठवू नका, त्यांनी खरंच काढलं तर? मी हसलो. कथेच्या बापाचं नाव काढायची कोणाची टाप आहे? पाठवली.

४.२५
उत्तर आलं. तुमच्या भावनांचा आदर राखून नाव काढलं आहे. उद्या सातला या, बदक वाट बघेल.

१२ जुलै, सकाळी ६
जाणार नाही. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही.

७.०५
गेलो. बदकाचा काय दोष?

२० जुलै
आज मेल मागे घ्यायचीच, असं ठरवून दिग्दर्शकाला गाठलं. त्याने विचारलं, मटार संपले का? म्हटलं, हो.

४ नोव्हेंबर
लेकीने सिनेमाला सहा मैत्रिणींना बोलावलंय. नाव नाही हे तिला उद्या सांगतो.

५ नोव्हेंबर
उद्या नक्की.

१७ नोव्हेंबर
शाळेत चाचणी आहे, उगाच मुलीचं मन विचलित नको.

१८ नोव्हेंबर
पाहिला. सुरुवातीलाच पाटी आली: कथा, पटकथा आणि दिग्दर्शन, सगळं त्याचंच. लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चष्मा शोधू लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता. बराच वेळ वाकून बसलो. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.
सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. लेक उठेना, म्हणून सहाजणीही उठेनात. पाट्या सरकत होत्या. लाइटवाले, ड्रायव्हर, चहावाले. आणि त्यांच्याखाली: बदकासमोर मटार धरणारे – बदककाका.
सातही जणी किंचाळल्या. लेक खुर्चीवर उभी राहून सांगत सुटली, माझ्या बाबांशिवाय बदकाने कुठेच बघितलं नसतं, सिनेमाच झाला नसता.
मी तीन जूनला नेमकं हेच लिहिलं होतं.
परतताना एका मैत्रिणीने विचारलं, काका एरवी काय करतात? लेक म्हणाली, पुस्तकं वगैरे लिहितात, पण ते जाऊ दे.