चिरंजीव डब्यावर आहेत

२ मे १९६१. मुठा.
सौ. जया बाळंतपण उरकून माहेराहून, रिह्याहून आली. चिरंजीव तीन महिन्यांचे. नाक माझं. आजपासून त्यांचं संगोपन सायंटिफिक. गावचा ग्रामसेवक मी. सुधारणा घरापासून नको? डॉक्टरची चिठ्ठी घेऊन पुण्याहून दुधाच्या भुकटीचा डबा आणला. वर गोऱ्या, गुबगुबीत बाळाचं चित्र. सौ. म्हणाली, माज्या अंगावर लई दूध हाय की. मी शांतपणे विचारलं, त्यात काय काय आहे आणि किती, हे कुठे छापलं आहे का? बाळाला घेऊन आत गेली. पटलं.

५ मे.
पहिली बाटली चिरंजीवांनी माझ्या सदऱ्यावर परत केली. सवय नाही अजून. शेजारची म्हातारी सारजाबाई दारातूनच म्हणाली, भाऊसाहेब, गाय गोठ्यात आन् वासराला भुकटी व्हय? अडाणी. असल्यांकडे लक्ष द्यायचं नाही, असं ठरवलं. दुपारभर तेच डोक्यात.

२० मे.
काय प्रोग्रेस! बाळसं बघावं तर डोळे दिपतात. मला वाड्या-वस्त्या फिराव्या लागतात, म्हणून बाटलीचं काम सौ.कडे सोपवलं. ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. चारचौघांत पाजलं की दिष्ट लागते म्हणे. चालवून घेतलं. आश्चर्य म्हणजे डबा अजून अर्ध्याच्या वर आहे. केवढी ताकद असेल एका चमच्यात! घरचं मांजरही अंगाने भरलंय. नुसता वासही मानवत असावा.

८ जून. सकाळी ११.
चावडीवर बायकांना भाषण दिलं. विषय: अंगावरच्या दुधापेक्षा डबा श्रेष्ठ. पुरावा म्हणून चिरंजीवांना दोन्ही हातांनी उंच धरलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. सौ.सुद्धा. सरकारी कार्यक्रमात इतकं आनंदी वातावरण मी प्रथमच पाहिलं. साहेबांना रिपोर्ट पाठवला.

२२ जून.
पावसामुळे लवकर घरी आलो. आज कडी लावायची राहिली होती. सौ. बाळाला पाजत होती. अंगावर! बाटलीतलं दूध ताटलीत, ताटलीपुढे मांजर. कधीपासून, विचारलं. म्हणाली, पयल्या दिसापास्नं.
जेवलो नाही. (नंतर थोडा भात खाल्ला.) नीट विचार करता लक्षात आलं, प्रयोग फसलेला नाही. अजून सुरूच झालेला नाही.

२५ जून.
रिह्याहून निरोप आला. सासूबाई चंद्राबाई भाताच्या खाचरात पडल्या, मांडी मोडली. सौ.ने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. मी म्हणालो, तू जा, चिरंजीव इथेच राहतील. तान्हं हाय वो त्ये, म्हणाली. रडली, पाया पडली. मी डगमगलो नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न, आणि साहेबांना रिपोर्ट गेलेला आहे. आई तिकडे कण्हत पडलेली, शेवटी गेली बिचारी. ओढ्यापर्यंत मागे वळून बघत होती. बायका फार भावनाप्रधान.

२९ जून.
ओढ्यांना पाणी. रिह्याची वाट बंद. चिरंजीव बाटली थुंकून टाकतात, मग भुकेने घेतात. डबा भराभरा उतरतोय. मागे कसा पुरत होता? हां, मांजराची भूक लहान. पाणी थोडं वाढवलं. पाण्याने काही वाईट होत नाही.

५ जुलै.
रडणं कमी झालंय. शिस्त लागत असावी. गाल उतरले, बांधा सुटसुटीत होतोय. हगवण चालूच. दात येत असतील. सारजाबाईने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओरडलीच, टाळू बसलीया पोराची, अंगातलं पानी गेलंया! वरच्या वाडीची सोनी ओली बाळंतीण हाय, तिच्याकडं न्या आत्ताच्या आत्ता. मी म्हणालो, प्रयोगात असली सरमिसळ चालत नाही. मग स्वतः टाळूला हात लावून पाहिला.
गेलोच, बाळाला इरल्याखाली घेऊन. भर पावसात, चिखलातून. सोनीच्या झोपडीला दार लावलेलं. माणसं लावणीला खाली गेली आहेत, कुठल्या गावी ते कुणाला माहीत नाही.

९ जुलै.
सौ. आली. छातीइतक्या पाण्यातून ओढा उतरून आली. ओल्या लुगड्यानेच बाळाला घेऊन बसली. बाळाने ओढलं, सोडलं, रडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, तितं पदर भिजून जायचा, भित्तीला पिळून टाकीत हुते. मग आटलं. मला तिला काहीतरी समजावून सांगायचं होतं. कोरडं लुगडं आणून शेजारी ठेवलं.

१३ जुलै. संध्याकाळ.
सारजाबाई रोज अळिवाची खीर आणून देते. थेंब येतो, बाळाला पुरत नाही. शेळीचं दूध पोटात ठरत नाही. डबा कालच संपला. उद्या पहाटे पुणे गाठायचं ठरवलं होतं. दुपारी बावधनकडून आलेल्या माणसाने सांगितलं, काल धरण फुटलं, पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं, पूल गेले, दुकानं गेली. डबा घेतला ते दुकान नदीकाठीच आहे. होतं.
सौ.ला हे अजून कळलेलं नाही. मघाशी ती आपणहून जवळ आली. चिडून नव्हे, अगदी मऊ आवाजात म्हणाली, आवं, तुमचा डबा आना. मी हो म्हणालो. तिने बाटली उकळून, पुसून बाळाच्या उशाशी ठेवली आहे.