गावाचं काजळ

तीर्थरूप आत्याबाईंस,

कैलासवासी लिहायला हवं होतं, पण तसं लिहिलं की तुम्ही खरंच लांब गेल्यासारखं वाटतं. आज लिहिते कारण काल दुपारी डोंगरावरून वणवा उतरला आणि आपल्या शिवेवरून हात हलवत परत गेला. ही बातमी सासूला नाही सांगायची तर कुणाला? माहेरी शेलूला चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आठवतं का माझं पहिलं काजळ? लग्नाला महिनाच झाला होता. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "चल गं, काजळ घालायचंय, समद्या बाया निघाल्या." मी नवं लुगडं नेसून, काजळाची डबी घेऊन बाहेर आले. बघते तर बायांच्या हातात कोयते, डोक्यावर हंडे, आणि तुमच्या घमेल्यात शिमग्याचे निखारे. गावाच्या डोंगराकडच्या अंगाला, बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचं वाळलं गवत जाळून काढायचं, म्हणजे वणवा आला तरी त्याला पुढे खायला काही उरत नाही. ती काळी रेघ म्हणजे आपल्या गावाचं काजळ, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाया पोट धरधरून हसल्या. लुगड्याला ठिणग्यांनी भोकं पडली ती वेगळीच.

मुद्दाम सांगितलं नव्हतंत ना? इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं.

दुसरी चूक मात्र माझी. पौषात तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणालात, "काजळ घाल गं पोरी, इसरू नको." मामंजी गेल्यापासून तुमच्या डोळ्यांना काजळ माहीत नव्हतं. मला वाटलं, जाता जाता हौस आली असेल, मग कोण काय बोलेल ते बोलो. मी डबी आणली, तुमच्या डोळ्यांत बोट फिरवलं. तुम्ही डोळे मिटून गोड हसलात.

शिमगा तोंडावर आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चुलीपुढे बसून मी आधी रडले, मग हसले. अहो, सांगायचं तरी, "डोळ्यांत नाय गं, डोंगराला!"

त्यातच शेजारचे गणूभाऊजी, ज्यांच्या शब्दावर गाव हलतं, ते म्हणाले, "आवंदा राहू द्या. लढाईच्या कामाला निम्मं गडी मुंबईला गेलं, म्हातारी बी नाय. एक वरीस नाय घातलं तर काय व्हतंय?"

तुमचा लेकही गोदीतच. मी भाऊजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, पण पदर खोचला आणि म्हटलं, "कणगीतलं बियाणं जळलं तर मिरगाला काय पेराल भाऊजी, मिशा?" बोल तुमचाच, तोंड माझं. भाऊजींचा हात आपसूक मिशीवर गेला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा बाया जमल्या. त्यांत भाऊजींची नवी सून शेवंती. नवं लुगडं, हातात काजळाची डबी. मी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं. का, ते तुम्ही विचारू नका.

काल वणव्याच्या वाटेत पहिली होती ती भाऊजींचीच पेंढ्याची उडवी. त्यामागे त्यांचं घर, मग आपलं, मग सगळं गवताच्या छपरांचं गाव. आम्ही ओल्या डहाळ्या घेऊन उभ्या होतो. जाळ काळ्या रेघेपर्यंत आला, तिथेच घुटमळला आणि विझला. एक ठिणगी अलीकडे पडली, ती शेवंतीने झोडपली.

संध्याकाळी भाऊजी ओटीवर येऊन बसले. मग म्हणाले, "वैनी, फुडल्या साली निखारं मी धरतो."

आत्याबाई, माझ्या अंगात जीव आहे तोवर काजळ चुकणार नाही. आणि माझी वेळ आली की मीही शेवंतीला तेच सांगेन, "काजळ घाल गं पोरी." ती डबी घेऊन आली तर तुमच्यासारखेच डोळे मिटून घेईन. ती रडायची ती शिमग्याला रडेल, आणि मग घमेलं उचलेल.

तुमची,
भोकांच्या लुगड्याची सून