नाकाचा भरवसा

३ फेब्रु.
ताप गेला तो नाक घेऊन. सकाळी फोडणी करपली तरी पत्ता नाही. नवरा, प्रकाश, ओरडला तेव्हा कळलं. आणि मी मसाल्याच्या कंपनीत वास घेऊन माल पास करते! नाकाचंच खाते. अफझलगंजला कामावर गेले तशीच. आता त्या नव्या मशीनलाही वास शिकवायचाय. मी डोळे मिटून ‘खमंग’ की ‘खवट’ ते सांगायचं, मशीनवर बसणारी सादिया माझं उत्तर त्यात भरणार. आज डोळे मिटायच्या आधी माल बघून घेतला आणि ठोकून दिलं. कुणाला बोलले नाही. नोकरी जाईल.

५ फेब्रु.
काळ्या मसाल्याचा डबा उघडला आणि वास आला! दगडफूल, भाजलेलं खोबरं, सगळं. जीव भांड्यात पडला. संध्याकाळी प्रकाशने डोळ्यांवर ओढणी बांधून नाकाखाली काहीतरी धरलं. काही नाही. “हिंग आहे गं,” म्हणाला, की लगेच आला. म्हणजे वास डोक्यातून येतोय. घाबरले फार.
प्र. म्हणतो, सांगून टाक. त्याला सोपं आहे.

१० फेब्रु.
काळ्या मसाल्याचा नवा घाणा. मी ‘खमंग’ म्हटलं, मशीनने लाल दिवा लावला.
“आपा, मशीन खोपरा खराब बोलरी. आप अच्छा बोलरे. किसकी सुनूं?”
“मेरी सुन.” केवढा तोरा माझा! तिने मशीनचं उत्तर चूक ठरवलं. मागाहून चिमूटभर जिभेवर ठेवला, घशात खवखवलं. खरंच, की भीतीने? जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु.
तसलं खोबरं आता मशीनही पास करतंय. सादिया खूश. “सीख गई आपा! आपकाच नाक लगा इसको.” रडूच आलं. खोबरं म्हणजे काय हे मशीनला ठाऊक नव्हतं, पण वास तरी लागत होता. मला सगळं ठाऊक, आणि...
परवाचा घाणा उद्या दुकानांत जाणार.

१३ फेब्रु., ऑफिस
त्याच घाण्याची शेवटची तपासणी. डोळे मिटले. टेबलावर वाटी वाजली आणि वास आला, अगदी भरभरून. “खमंग. पास.”

सादिया हळूच म्हणाली, “आपा, अभी मसाला डाली नईं मैं.”
डोळे उघडवेनात. “क्या लिखूं?” तिने विचारलं. मी उठून डबे खायच्या खोलीत आले, तिथेच लिहितेय. खाली टेम्पो भरलाय, आमचे मॅनेजर राव साहेब हाका मारतायत. सादिया दारात उभी आहे. तिने मशीनमध्ये अजून काहीच भरलेलं नाही.