मनोऱ्याखालची सात मांजरं

सोमवार, ३
आले एकदाची! वणव्यावर नजर ठेवायची नोकरी. बावन्न पायऱ्यांचा मनोरा, वर काचेची खोली: खाट, स्टोव्ह, दुर्बीण, वायरलेस. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं. जीपवाले काका दर सोमवारी सामान आणणार. आई काळजीनं अर्धी झालीय, पण मी म्हटलं, तुझ्या लेकीला अख्खं जंगल आंदण मिळालंय!

गुरुवार, ६
दुपारी झऱ्याकाठी एक मांजर दिसलं. काळंभोर, बिबट्याहून जरासंच लहान, शेपूट मात्र अंगाहून लांब. टक लावून माझ्याचकडे बघत होतं. वायरलेसवर ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, दरवर्षी कुणाला तरी दिसतंच, फोटो मात्र कुणाकडेच नसतो.

शनिवार, ८
आज तीन. पाण्याला उतरले तर खालच्या पायरीशीच बसलेली. ओरडले, कळशी आपटली. ढिम्म हलली नाहीत. रिकामी कळशी घेऊन उलट्या पावली वर.

रविवार, ९
वायरलेस मुका. खालच्या बॅटरीची वायर कुरतडलेली दिसतेय. मांजरं सात. दोन पेले पाणी उरलंय. उद्या काका येतीलच.

सोमवार, १०
जीप आली, आणि सातही मनोऱ्याखाली दडली. मी वरून जिवाच्या आकांतानं ओरडले, उतरू नका! काका उतरलेच. हसत म्हणाले, "अगं, कुठंय तुझं मांजर?" आणि मग –
डोळे मिटून घेतले. ऐकू यायचं ते आलंच.

मंगळवार
पाणी संपलं. जीपचं दार उघडं, किल्ली आतच असणार. दुपारी ती झोपतात. चपला काढून उतरले. दहा पायऱ्या उरल्या होत्या. एकानं डोळा उघडला. उठलं नाही. गुरगुरलंही नाही. नुसतं बघत राहिलं, मी परत वर जाईपर्यंत.
मला का सोडलं?

बुधवार
जीभ सुजलीय. घशातून आवाज फुटत नाही. ती खाली निवांत. वर यायची घाईच नाही –

गुरुवार
गाडीचा आवाज! साहेब. एकटेच.
मांजरं उठली. एकेक करून मनोऱ्याखाली –
कळलं. मला का सोडलं ते कळलं.
ओरडता येत नाही. काचेवर हात आपटतेय. त्यांना वाटतंय मी बोलावतेय. हात हलवतायत. कळशी फेकली खाली – लवकर येतो म्हणून खुणावतायत – साहेब, नका – दार उघडलं – एक पाय खाली –